तेल, खार आणि पाणी : घरगुती द्रव साबणाचा आढावा

वनस्पतिज तेलापासून द्रव साबण घरच्या घरी करावा काय, हा प्रश्न वरकरणी मोरीच्या कोपऱ्यातला वाटत असला, तरी त्याचा निकाल लावायला बसले म्हणजे रसायनशास्त्र, भूगर्भ, वनाधिकार आणि बाजार अशा निरनिराळ्या दफ्तरांतले कागद एकाच बैठकीवर मागवावे लागतात. या विषयावर अलीकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात एका पक्षाचे म्हणणे असे की, घरचा साबण म्हणजे निर्मळता, आरोग्य आणि स्वावलंबन यांचा त्रिवेणी संगम होय. दुसऱ्या पक्षाच्या मते हा सुखवस्तू माणसांचा छंद असून, दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळणाऱ्या बाटलीपुढे त्याचा टिकाव लागणार नाही. दोन्ही पक्ष भांडतात ते तेलाच्या निवडीवरून. परंतु साबण हा तेल, खार आणि पाणी या तिघांच्या संयोगाचा पदार्थ असल्यामुळे, आणि त्यातही द्रव साबणात अर्ध्याहून अधिक वजन पाण्याचेच असल्यामुळे, तिसऱ्या भागीदाराची कैफियत ऐकल्याशिवाय दिलेला कोणताही निवाडा एकतर्फी ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका या तपासणीला विशेष सोयीचा आहे, कारण तेथे तेलबियांची झाडे आहेत, राखेला लाकूड आहे, चुन्याचा दगड आहे, आणि त्या चुनखडकातून वर येणारे पाणीही आहे.

कोरपना हा पूर्वीच्या राजुरा तहसिलीतून निघालेला तालुका. राजुऱ्याचा हा मुलूख निजामाच्या अमलात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात दाखल झाला. पैनगंगेच्या काठच्या कपाशीच्या काळ्या रानापासून माणिकगडच्या डोंगररांगांकडे जसजसे जावे, तसतशी जमीन पातळ होत जाते, आणि मातीखालचा अतिप्राचीन चुनखडक उघडा पडतो. गडचांदूर, आवाळपूर, उपरवाही आणि नारंडा येथले सिमेंटचे कारखाने याच खडकावर उभे आहेत. शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर, बांधावर निंब आणि करंज, डोंगराकडे मोह, आणि या सर्वांबरोबर राहणारे गोंड, कोलाम, तेली, कुणबी व सीमेपलीकडून आलेले तेलुगुभाषक. साबणाला लागणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस येथे दहा कोसांच्या आत सापडतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

साबण म्हणजे काय, याचे शास्त्रीय उत्तर फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्निग्ध पदार्थांवरील ग्रंथात प्रथम नीट मांडले गेले. तेल किंवा चरबी ही ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची जोडणी असते. तीव्र खार या जोडणीस फोडतो, मेदाम्लांशी स्वतः संयोग पावून साबण होतो, आणि ग्लिसरीन मोकळे सुटते. खार सोडियमचा, म्हणजे कॉस्टिक सोडा, असेल तर साबणाची कठीण वडी होते. तो पोटॅशियमचा, म्हणजे कॉस्टिक पोटॅश, असेल तर मऊ, पाण्यात झटकन विरणारा लगदा होतो, आणि हाच लगदा पाण्यात विरघळवला म्हणजे द्रव साबण. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वडीचा साबण किसून पाण्यात उकळला म्हणजे जो पदार्थ तयार होतो तो थंड झाल्यावर शेंबडासारखा तार धरतो, आणि त्यास द्रव साबण म्हणणे ही केवळ समजूत आहे. तसेच, खार न वापरता केलेला साबण ही वस्तू अस्तित्वात नाही. नीट झालेल्या साबणात मोकळा खार उरत नाही हे खरे, पण तो घडताना लागतोच, आणि जो विक्रेता ‘रसायनविरहित’ साबणाची जाहिरात करतो, तो एक तर अजाण असतो, नाही तर गिऱ्हाइकाला तसे समजतो.

खार मिळवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधीचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. ठरावीक वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी वारंवार गाळावे, आटवावे, आणि जाळलेल्या चुनखडीची व शंखशिंपल्यांची भर घालून त्यास तीक्ष्णता आणावी, असा तो क्रम आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा आपला पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा सौम्य आणि तीव्र क्षारांतील हा भेद, तसेच तयार क्षार लोखंडी पात्रात ठेवण्याची सूचना, यांचा त्यांनी आवर्जून गौरव केला. खुद्द वऱ्हाडातही या धंद्याची जुनी नोंद आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवराभोवतालच्या डोंगरात काच आणि साबण यांस लागणारी सामग्री मिळते, आणि तेथील सोऱ्याच्या कामावरील करातून सरकारात चांगला महसूल जमा होतो, असा मजकूर अबुल फझलच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आला आहे. गावोगावचे वरठी मात्र साबणावाचून, खारी माती, राख आणि भट्टीची वाफ एवढ्यावरच कपडे शुभ्र करीत असत, आणि घरोघरी भांड्यांना राखेपलीकडे काही लागत नसे.

या परंपरेच्या आधारावर, ‘राखेच्या पाण्यानेच साबण करा, बाजारचा पोटॅश कशाला?’ असा एक आग्रह अधूनमधून धरला जातो. तत्त्वतः त्यात खोटे काही नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. त्याच्या गाळलेल्या पाण्यात विरलेला चुना कालवून तापवले की कॉस्टिक पोटॅश पाण्यात राहतो आणि चुना खडूच्या रूपाने तळाशी बसतो. कारखाने निघण्यापूर्वी सर्व जग हेच करीत होते, आणि चुनखडकाच्या कोरपना तालुक्यात चुन्याची ददात पडण्याचे कारण नाही. अडचण उद्‌भवते ती मोजमापाची. राख कोणत्या झाडाची, लाकडाची की पानांची, चुलीतून काढली केव्हा, पावसाचा शिंतोडा लागला होता काय, यांवर तिचा जोम बदलतो. केळीच्या खांबाची राख आणि सागाच्या ढलप्यांची राख यांत मोठी तफावत पडते. खार कमी पडला तर तेल तरंगत राहते, आणि जास्त झाला तर तेच पाणी कातडी सोलते. द्रव साबणाला तर हा हिशेब वडीपेक्षा काटेकोर लागतो, कारण वडीत दडून राहणारे जास्तीचे तेल द्रवात गढूळपणाच्या रूपाने वर येते. राखेचा साबण भांड्यांसाठी, कौतुकासाठी किंवा शाळेतील प्रयोगासाठी अवश्य करावा. अंगाला लावण्याच्या साबणासाठी वजनकाट्यावर मोजता येणारा, शुद्धतेचा आकडा डब्यावर छापलेला पोटॅश हाच मार्ग सुरक्षित आहे, आणि तो घेतल्याने स्वावलंबनाला बाध येतो असे मानण्याचे प्रयोजन नाही.

आता तेलांकडे वळू. प्रत्येक तेलाच्या एका ग्रॅमचा पूर्ण साबण व्हायला किती मिलिग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागतो, त्या आकड्यास साबणीकरणांक म्हणतात. खोबरेलाचा हा अंक २५० ते २६४ च्या दरम्यान असतो, एरंडेलाचा १७६ ते १८७, मोहाच्या तेलाचा १८७ ते १९७, सरकीच्या आणि जवसाच्या तेलाचा १९० च्या आगेमागे, आणि करंजाचा सुमारे १८५. परंतु अंक केवळ खाराचे माप सांगतो. साबण कसा होईल हे तेलातील मेदाम्ले ठरवतात. लॉरिक आम्लाने फेस भरभरून येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की कातडी कोरडी पडते. ओलेइक आम्लाने सौम्य आणि प्रवाही साबण होतो. पामिटिक आणि स्टिअरिक आम्ले वडीला कठीणपणा देतात, आणि नेमकी तीच द्रव साबणाला थंडीत गोठवतात किंवा दुधाळ करतात.

या कसोटीला मोहाचे तेल लावून पाहिले म्हणजे प्रथम निराशा पदरी येते. ज्याच्या नावावर या वनप्रदेशाची ओळख उभी आहे, त्या मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळांचे, तेल हिवाळ्यात तुपासारखे थिजते. त्याच्या मेदाम्लांत पामिटिक आणि स्टिअरिक मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास भरतात, आणि म्हणून त्याचा पोटॅशचा साबण उन्हाळ्यात बरा दिसला तरी मार्गशीर्ष-पौषात बाटलीतून ओतता येत नाही. मोहाच्या तेलाचा वडीचा साबण मात्र उत्तम होतो. शिवाय हे तेल गोंड आणि कोलाम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खाण्यात आहे. जून-जुलैत बी वेचायची, फोडायची, वाळवायची आणि घाण्यावर नेऊन वर्षाची बेगमी करायची, ही तेथली वहिवाट. ज्या तेलावर एखाद्या घराचे कालवण अवलंबून आहे, ते साबणासाठी वळवावे असा उपदेश शहरातील माणसाने करणे शोभत नाही. त्या तेलाला बाजारात चांगला भाव मिळून घरात त्याऐवजी पिशवीतले पामतेल येऊ लागले, तर त्या घराने काय कमावले आणि काय गमावले, याचा जमाखर्च साबणाच्या बाटलीवर लिहिलेला नसतो.

करंजाची गोष्ट निराळी. हे तेल कडू आणि अखाद्य. कंदिलाला, चामड्याला आणि खरजेच्या औषधाला वापरले जाणारे. त्यात ओलेइक आम्लाचा भाग निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून अधिक असल्यामुळे पोटॅशशी त्याचा साबण प्रवाही होतो. दोष दोन : तपकिरी रंग, आणि एक उग्र वास, जो सुगंधी तेलाने झाकला जात नाही, फार तर त्याच्याशी भांडत राहतो. निंबाच्या तेलातही हाच दोष गंधकी वासाच्या रूपाने अधिक तीव्रतेने असतो. भांडी, फरशी, जाड कपडे आणि गोठा यांना या वासाची हरकत नाही, चेहऱ्याला आहे. एरंडेल हे या मंडळीतले सर्वांत गुणी तेल म्हणावे लागेल, कारण त्यातील नव्वद टक्क्यांच्या जवळपास असलेल्या रिसिनोलेइक आम्लाचा साबण पाण्यात पारदर्शक विरतो आणि दुसऱ्या तेलांचा गढूळपणाही कमी करतो. मात्र एकट्या एरंडेलाला फेस नाही. सरकीचे तेल कपाशीच्या या टापूत सहज मिळते, पण त्यात पामिटिक आम्ल वीस-पंचवीस टक्के असल्याने द्रव किंचित धुरकट राहतो. जवस ही विदर्भाची जुनी रब्बी तेलबी. उत्तर युरोपात शतकानुशतके जो मऊ हिरवट साबण होत असे, त्याच्या प्रमुख तेलांपैकी एक जवसाचे. तेव्हा द्रव साबणाला ते अयोग्य आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्यातील लिनोलेनिक आम्ल हवेशी लवकर संयोग पावते, आणि दोन-तीन महिन्यांत साबणाला खवट वास येतो. करडई आणि सोयाबीन यांनाही सौम्य प्रमाणात हाच शाप आहे. फेसासाठी थोडे खोबरेल घातल्याशिवाय या सर्वांपैकी कोणाचाच साबण आजच्या माणसाच्या मनास येत नाही, आणि खोबरेल काही कोरपना तालुक्यात पिकत नाही. ‘शंभर टक्के स्थानिक’ आणि ‘स्वच्छ, फेसाळ, वाहता’ ही दोन विशेषणे येथे एकाच बाटलीला लावता येत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

प्रत्यक्ष कृतीचा एक नमुना हिशेबासह पाहू. करंजाचे तेल ४०० ग्रॅम, एरंडेल ३०० ग्रॅम आणि खोबरेल ३०० ग्रॅम, असे एक किलो तेल घेतले, तर वरील अंकांप्रमाणे त्यास अनुक्रमे ७४, ५४ आणि ७७ असा २०५ ग्रॅम शुद्ध पोटॅश लागेल. त्यातून तीन टक्के सूट धरली, म्हणजे तेवढे तेल मुद्दाम मोकळे ठेवले, की १९९ ग्रॅम उरतात. आणि बाजारातील पापुद्रे साधारण नव्वद टक्के शुद्ध असल्याने प्रत्यक्ष वजन २२१ ग्रॅम येते. हे पापुद्रे त्यांच्या तिप्पट पाण्यात थोडे थोडे सोडायचे. पोटॅशवर पाणी ओतायचे नाही, कारण ते उसळून अंगावर येते. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. अ‍ॅल्युमिनियमला हा खार खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, लेकरे घराबाहेर आणि नळ जवळ, एवढा बंदोबस्त केल्यावाचून डबा उघडू नये. थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवावे.

कोमट तेलात हे पाणी घालून घोटू लागले की प्रथम दोन्ही वेगळी वेगळी पळतात. मग मिश्रण दाट होते, रवीला जड लागते, आणि मंद आचेवर, उकळी न येऊ देता, ठेवले असता एका टप्प्यावर फाटल्यासारखे दिसते. येथे नवखा माणूस घाबरून आणखी पाणी किंवा आणखी पोटॅश घालतो, आणि सर्व हिशेब बिघडवतो. वास्तविक नुसते ढवळत राहावे. हळूहळू ते चिक्कीच्या पाकासारखे ताणले जाऊ लागते, ढवळणारा हात थकतो, आणि दोन ते चार तासांनी कडेपासून सुरू होऊन मधोमध पोहोचणारी एक अर्धपारदर्शक, पिवळसर-तपकिरी झाक येते. या लगद्याचा सुपारीएवढा गोळा गरम, शक्यतो पावसाच्या, पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यावा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर शिजवणे अपुरे आहे. मद्यार्कात विरघळवलेल्या नमुन्यात फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकताच गडद गुलाबी रंग आला, तर मोकळा खार उरला आहे. ज्याला चूल अडवून ठेवायची नसेल त्याने नीट घोटलेला लगदा झाकून आठ-पंधरा दिवस तसाच ठेवला, तरी साबणीकरण आपल्या गतीने पूर्ण होते. तयार लगदा पावणेदोन-दोन किलो भरतो, आणि त्याच्या एका भागास सव्वा ते दीड भाग पाणी घातले की पाव हिस्सा साबण असलेला द्रव होतो.

आता ज्या भागीदाराची कैफियत आजवर ऐकली गेली नाही, त्या पाण्याकडे येऊ. चुनखडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. शास्त्राच्या पुस्तकात अशा पाण्यास दुष्फेन म्हणतात, गावात जड किंवा खारे. साबण अशा पाण्यात पडला की फेस येण्यापूर्वी तो कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा, चिकट, करडा साका होतो, जो बादलीच्या काठाला, केसांना आणि धोतराच्या विणीला धरून बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. मध्यम प्रतीचे, लिटरला ३०० मिलिग्रॅमचे पाणी धरले तरी, ते एका लिटरमागे सुमारे १.९ ग्रॅम साबण फेस न देता गिळते. पंधरा लिटरच्या बादलीला हा हिशेब २९ ग्रॅमवर जातो, म्हणजे पाव हिस्सा साबणाच्या द्रवाचे शंभराहून अधिक ग्रॅम केवळ पाण्याची भूक भागवण्यात खर्ची पडतात. बाजारातील बाटलीत बहुधा साबण नसून कृत्रिम प्रक्षालक असतो, आणि तो असा साका धरत नाही. ‘घरचा साबण चालत नाही, दुकानचा चालतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. करणाऱ्याच्या हाताला किंवा तेलाला दोष देण्यात अर्थ नाही. शंका असेल त्याने दोन सारख्या बाटल्यांत बोअरिंगचे आणि पावसाचे पाणी घ्यावे, दोहोंत लगद्याचे सारखे थेंब टाकावे, आणि सारखेच हलवावे : एकीत फेस मानेपर्यंत चढून टिकतो, दुसरीत पाणी ताकासारखे पांढरे होऊन बसते. पाणी, साबण आणि वाद, तिघांचाही उलगडा तेवढ्यात होतो.

यावर उपाय आहेत, आणि ते स्वस्तही आहेत. वरील बादलीतील तेवढाच चुना खाली बसवायला निर्जल धुण्याचा सोडा जेमतेम पाच ग्रॅम पुरतो. कपड्यांच्या बादलीत तो आधी टाकून पाणी निवळू दिले की साबणाची बचत होते. उकळल्याने चुन्याचा काही भाग निघतो. विरलेल्या चुन्याची मोजकी मात्रा घालून पाण्यातला चुना बसवण्याची युक्ती स्कॉटलंडच्या टॉमस क्लार्क याने १८४१ मध्ये पेटंट केली. चुन्याने चुना निघतो ही गोष्ट ऐकायला विपरीत वाटली तरी रसायनदृष्ट्या निर्दोष आहे, मात्र तिला पाण्याची तपासणी आणि मोजमाप लागते. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लगदा विरघळवण्यासाठी मृग-आर्द्रात कौलावरून उतरणारे पाणी, पहिल्या दोन सरी सोडून, धरून ठेवणे. आणि रानाने स्वतःचेही एक उत्तर देऊन ठेवले आहे. रिठा आणि हिंगणबेट यांच्या फळांतला फेस साबणाचा नसून सॅपोनिनचा असतो, तो चुन्याने मोडत नाही, आणि म्हणून जड पाण्याच्या गावात केसांना आणि रेशमाला ही फळे पूर्वीपासून अधिक मानवत आली. त्यांचा काढा द्रव साबणात मिसळून ठेवण्याची हल्लीची हौस मात्र अनाठायी आहे. काढ्याने साबण नासतो, आणि दोघांचेही गुण कमी होतात.

अशाच आणखी काही समजुतींची येथे फेरतपासणी करणे इष्ट होईल. लिंबाचा रस घालून साबण ‘सौम्य’ करण्याचा सल्ला दिला जातो. खरा साबण हा स्वभावतःच क्षारधर्मी, त्याचा सामू नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, आणि आम्लाने तो त्याखाली ओढला की साबण फुटून मेदाम्ले तरंगू लागतात. साडेपाच सामूचा द्रव बाजारात मिळतो, पण तो साबण नव्हे. कोरफडीचा गर, हळद, दूध यांची भर घातल्याने बाटलीवरचे चित्र सुंदर होते, आतला माल लवकर बिघडतो. घरच्या द्रव साबणाचा खरा गुण निराळाच आहे. तेलाच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतके ग्लिसरीन त्यात जसेच्या तसे राहते, तर मोठे कारखाने ते बहुधा काढून स्वतंत्र विकतात.

आर्थिक बाजूचा विचार या प्रदेशात कोणी प्रथम पद्धतशीर केला असेल, तर तो शेजारच्या वर्ध्याने. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे मगनवाडीत पडले, आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन यांचे प्रयोग तेथे झाले. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला, तेव्हा अखाद्य तेले आणि साबण हा त्याच्या नेमल्या उद्योगांपैकी एक ठरला. त्यामागची दृष्टी सरळ होती : निंब, करंज यांसारखी झाडाखाली कुजून जाणारी बी गोळा करावी, तिचे तेल साबणाकडे वळवावे, आणि खाण्याचे तेल खाण्यासाठी राखावे. मुंबईत गोदरेजांनी चरबीऐवजी वनस्पतिज तेलाचा साबण पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास बाजारात आणला, त्यात स्वदेशीचा आणि अहिंसेचा विचार होता. वर्ध्याच्या विचारात त्याशिवाय हा हिशेबही होता की, मजुरी कोणाच्या पदरात पडते. तो प्रश्न आज अधिक निकडीचा आहे, कारण देशात वापरल्या जाणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा भाग परदेशातून येतो, आणि साबणाच्या कारखान्यांनाही पामतेल हवेच असते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी गावांना दिला, आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून ग्रामसभांचा आत्मविश्वास वाढला. करंजाची आणि मोहाची बी पोत्यांनी व्यापाऱ्यास घालण्याऐवजी गावातच घाणा लावावा, तेलाचा साबण करावा आणि ढेप शेताला घालावी, ही सूचना त्यामुळे स्वप्नवत राहिलेली नाही. फक्त दोन सावधगिऱ्या. घरच्या वापराला कोणाची परवानगी लागत नाही. परंतु अंगाचा साबण विक्रीसाठी करायचा, तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, लेबल आणि घटकांची यादी या तरतुदी लागू होतात, आणि बचतगटाच्या उत्साहात त्यांकडे होणारे दुर्लक्ष पुढे महाग पडते. दुसरी गोष्ट अशी की, बाटल्यांतून द्रव विकणे म्हणजे मुख्यतः पाण्याचीच वाहतूक करणे होय, आणि तीत मोठ्या कंपन्यांशी कोणत्याही गावाची बरोबरी होणार नाही.

शेताच्या अंगाने पाहता पोटॅशच्या साबणाचा एक उपयोग अजून पुरता ओळखला गेलेला नाही. मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या मऊ अंगाच्या किडींना स्पर्शाने मारतात, आणि बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने निंबाचा व करंजाचा साबण भाजीपाल्यावरील फवारणीसाठी विकसित केला आहे. सोडियमच्या साबणाचे सांडपाणी काळ्या जमिनीस कालांतराने बाधते. पोटॅशियम हे तर पिकाचे खाद्यच. ज्या करंजाच्या वासाने साबण मोरीतून हद्दपार होतो, तोच साबण कपाशीच्या आणि वांग्याच्या ओळीत मानाने वावरू शकतो. मात्र फवारणी उतरत्या उन्हात, विरळ द्रावणाने आणि आधी दोन-चार झाडांवर अजमावून करावी, कारण दाट साबणाने पान करपते.

सर्व बाजू पाहता निवाडा असा द्यावा लागतो. कोरपना आणि त्यासारख्या चुनखडकाच्या, करंज-निंबाच्या मुलखात घरगुती साबण करणे शक्य आहे आणि युक्तही आहे. पण तो द्रव रूपात करून साठवणे युक्त नाही. लगदा करावा, लगदाच साठवावा, आणि वाटला तर लगदाच विकावा : तो जागा कमी अडवतो, त्यात पाणी थोडे असल्याने टिकतो, आणि डब्यातून न सांडता बैलगाडीने किंवा एस.टी.ने कोठेही जातो. त्याचा द्रव ज्याने त्याने, आपल्या घरच्या पाण्याचा जडपणा ओळखून, आठवड्याच्या गरजेपुरता करावा. कपड्यांच्या बादलीत आधी सोडा टाकावा, अंगाच्या साबणाला पावसाचे पाणी वापरावे. मोह घरच्या कढईला आणि वडीच्या साबणाला राखावा, करंज लगद्याला द्यावा, एरंडाची दोन झाडे बांधावर लावावी, आणि लागेल तेवढे खोबरेल दुकानातून निःसंकोच विकत आणावे. ज्या ग्रामसभेस किंवा बचतगटास हा उद्योग काढायचा असेल, त्यांनी साबणाचे साचे, सुगंध आणि बाटल्या यांच्या खरेदीचा ठराव करण्याआधी गावातील प्रत्येक विहिरीचे आणि हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे, आणि मगच तेलाचा भाव करावा.